लिहिणाऱ्याचे नियम आणि वाचणाऱ्याचा हक्क



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी वऱ्हाडातील जिनिंग-प्रेसिंगच्या कामगार चळवळीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. तो इतिहास सांगणारी माझ्यापेक्षा जाणती माणसे अमरावतीत आणि अकोल्यात आहेत. मी निराळा विषय मागून घेतला. संगणकाला द्यावयाच्या आज्ञा ‘सी’ नावाच्या भाषेत लिहिताना लिहिणारे लोक जे लेखनसंकेत पाळतात, त्यांचा हा विषय आहे. युनियनवाल्याला या उठाठेवी कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आज कामगाराची हजेरी, पगार आणि भविष्यनिर्वाह निधी या सर्वांचा हिशेब यंत्रात होतो, आणि तो कसा करावयाचा हे कोणीतरी माणसाने लिहून ठेवलेले असते. जे माझ्या पोटावर चालते ते कसे लिहिले जाते, हे मला कळले पाहिजे. मी पदवीधर नाही. युनियनच्या कचेरीत रात्री बसून जे वाचले आणि सभासदांच्या शिकलेल्या मुलांकडून जे समजून घेतले, त्याच्या बळावर बोलतो आहे.

प्रथम सी भाषेची ओळख करून देतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ही भाषा १९७२ च्या सुमारास घडविली. १९७८ साली ब्रायन कर्निघन आणि रिची या दोघांनी तिच्यावर एक लहानसे पुस्तक लिहिले आणि त्या पुस्तकातून ती जगभर गेली. या भाषेतील मजकूर यंत्राला समजेल अशा रूपात आणणारा जो भाषांतरकार असतो त्याला कंपायलर म्हणतात. हा कंपायलर स्वतःही एक आज्ञावलीच असतो. त्याला मजकुराच्या मांडणीचे जवळजवळ काहीच सोयरसुतक नसते. प्रत्येक आज्ञेच्या शेवटी अर्धविराम हवा, आज्ञांचा गट महिरपी कंसात हवा, एवढे सांभाळले की त्याचे समाधान होते. मग तुम्ही सगळा मजकूर एका ओळीत कोंबा की ऐसपैस मांडा, नावे अर्थपूर्ण ठेवा की ‘क’, ‘ख’, ‘ग’ ठेवा, यंत्र सारखेच चालते.

असे असताना जगातील प्रत्येक मोठ्या प्रकल्पाने मांडणीचे नियम कागदावर का उतरविले? ओळीला किती समास सोडावा, कंस कोठे उघडावा, नाव कसे ठेवावे, टीप कोठे लिहावी, असे हे नियम आहेत. यंत्राला ते नकोत, तेव्हा ते माणसासाठी आहेत हे उघड आहे. आणि माणसांपैकीही ते लिहिणाऱ्यापेक्षा त्याच्यामागून येऊन तो मजकूर वाचणाऱ्यासाठी, दुरुस्त करणाऱ्यासाठी आहेत. हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आपल्याच जिल्ह्यात तो सातशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता. म्हणून मी आधी तिकडे वळतो.

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर आपणा सर्वांना ठाऊक आहे. महानुभाव पंथाचे हे मोठे क्षेत्र आहे. श्रीचक्रधरांच्या पश्चात त्यांच्या आठवणी गोळा करण्याचे काम म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस नागदेवाचार्यांच्या आश्रयाने केले. ज्याने जे पाहिले, ऐकले, त्याच्याकडे ते स्वतः जात, विचारून घेत, आणि मिळालेले नागदेवाचार्यांना दाखवून पडताळून घेत. त्यातून ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्य ग्रंथ झाला. केशिराज संस्कृतात लिहू लागले तेव्हा आचार्यांनी त्यांना मराठीकडे वळविले. संस्कृताने पंथातील साध्या बायाबापड्या वंचित होतील, असे त्यांचे म्हणणे होते. वाचणारा कोण, हे ध्यानात घेऊन लिहिण्याची रीत ठरविण्याचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

पुढे धामधुमीच्या काळात लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली, असे परंपरा सांगते. मग ज्यांना तो पाठ होता त्यांच्या आठवणीतून तो पुन्हा उभा करावा लागला. हिराइसेचा पाठ, आणखी कोणाचा पाठ, असे वेगवेगळे पाठ निर्माण झाले. येथे या लेखकांनी जी शिस्त दाखविली ती विचार करण्याजोगी आहे. एकाच प्रसंगाबद्दल दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर त्यांनी एक ठेवून दुसरी पुसून टाकली नाही. निराळे सांगणाऱ्याची आठवण ‘वासना’ म्हणून नोंदविली. जेथे अधिक चौकशीतून काही हाती लागले तेथे ‘शोधु’ अशी खूण करून ते वेगळे दाखविले. वाचणाऱ्याला कळावे की मूळ कोणते आणि मागाहून घातलेले कोणते. आज संगणकाचे लोक प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि का केला याची नोंद ठेवतात. त्यांचे साधन नवे असले तरी वृत्ती आमच्या रिद्धपूरला ओळखीची वाटावी अशी आहे.

पोथ्या नकलून घेणाऱ्यांचे इतरही संकेत होते. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासून ते झाकीत आणि वर बरोबर अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तेथून आला. आम्हा चळवळीतल्यांचा हरताळ निराळा, त्याची गल्लत करू नये! राहून गेलेला शब्द काकपद नावाची खूण करून समासात लिहीत. पानांचे आकडे समासात घालीत, कारण पोथीची पाने सुटी. वाऱ्याने उडाली तर पुन्हा लावता आली पाहिजेत. ताडपत्रावर दोरा ओवण्यासाठी मध्ये भोक असे आणि त्याभोवती जागा कोरी सोडावी लागे. पुढे कागद आला, दोरा गेला, तरी कित्येक कागदी पोथ्यांत ती मधली कोरी जागा तशीच राहिली. कारण निघून जाते आणि रीत मागे उरते. संगणकाच्या जगातही नेमके हेच घडले. आय.बी.एम. कंपनीने १९२८ साली हिशेबाच्या यंत्रासाठी ऐंशी रकान्यांचे भोके पाडावयाचे कार्ड काढले. ती कार्डे केव्हाच गेली, पण ओळ ऐंशी अक्षरांपेक्षा लांब नसावी हा दंडक पडद्यावर लिहिणाऱ्यांच्या डोक्यावर राहिला. लिनक्स नावाच्या प्रसिद्ध प्रकल्पाने ही मर्यादा शंभरापर्यंत सैल केली ती २०२० साली. अर्थात एवढ्यावरून तो दंडक वेडगळ होता असे कोणी समजू नये. फार लांब ओळ डोळ्याला वाचवत नाही, हे कार्डांच्या आधीही खरे होते.

आता याच इतिहासाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. चौदाव्या शतकात महानुभावांच्या रवळोबासांनी ‘सकळ’ नावाची सांकेतिक लिपी सिद्ध केली. एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे अक्षर किंवा खूण घालावयाची, अशी तिची घडण. पुढे सुंदरी वगैरे आणखीही लिप्या निघाल्या. धर्मग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत, त्यांत भेसळ होऊ नये, हा हेतू होता. आणि तो काळ पाहता त्याला आपण नावे ठेवू नयेत. नकलणाऱ्याला मजकुरात सहज फेरफार करता येत नसल्यामुळे जुनी मराठी बरीचशी शाबूत राहिली, हा लाभही अभ्यासक मान्य करतात. परंतु किंमत किती मोठी पडली! ज्या मराठीचा आग्रह बायाबापड्यांसाठी धरला होता, तीच मराठी कुलपात गेली. महाराष्ट्राला आपल्या आद्य गद्याचा पत्ता शेकडो वर्षे लागला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांना त्या लिपीची किल्ली सापडली तेव्हा हे दालन उघडले. आपल्या वऱ्हाडातील य. खु. देशपांडे यांनी यवतमाळास, ह. ना. नेने आणि बुलढाणा जिल्ह्यातून आलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी नागपुरास त्यापुढचे कष्ट उपसले. २०२३ साली शासनाने मराठी भाषेचे विद्यापीठ रिद्धपूरला करण्याचे जाहीर केले, हे त्या ऋणाची थोडी फेड करणारे आहे.

यातून मी असे समजलो की, लेखनाचा संकेत हे दुधारी हत्यार आहे. तो सर्वांना माहीत असेल तर अनोळखी माणसालाही वाट दाखवितो. तो थोड्यांनाच माहीत असेल तर बाकीच्यांना दाराबाहेर ठेवतो.

आता कापसाच्या बाजारात चला, कारण वऱ्हाडात कापसावाचून कोणतीच गोष्ट पुरी होत नाही. देशातल्या अनेक बाजारांत पूर्वी ‘हत्ता’ची रीत होती. दलाल आणि खरीददार रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबीत आणि भाव ठरवीत. कोणते बोट म्हणजे किती रुपये, हा संकेत दोघांनाही पक्का ठाऊक. ज्याचा माल, तो शेतकरी मात्र शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत असे. संकेत अतिशय काटेकोर होता. दोष काटेकोरपणाचा नव्हता, रुमालाचा होता.

बाजाराला उघड्यावरचे नियम लावण्याचा मानही याच प्रदेशाकडे जातो. कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. दलाल आणि मापारी यांना परवाना घ्यावा लागू लागला. पुढे १९२८ साली शाही कृषी आयोगाने इतर प्रांतांनी वऱ्हाडचा कित्ता गिरवावा, असे सुचविले. मात्र त्या जुन्या बाजार समित्यांत व्यापारी होते, शेतकऱ्याला जागा नव्हती. नियम उघडे झाले तरी ते करणारा कोण, हा प्रश्न उरलाच. तो आज संगणकाच्या बाबतीतही उरला आहे. त्याकडे मी शेवटी येतो.

आणखी एक कायदा १९२५ चा, जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांचा. त्याने असे ठरविले की, प्रेसमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाठीवर अनुक्रमांक आणि त्या कारखान्याला नेमून दिलेली खूण असलीच पाहिजे. अकोल्याची गाठ दूर कोठल्याशा गिरणीत फोडली आणि आत ओला किंवा भेसळीचा कापूस निघाला, तर ती कोणत्या प्रेसची हे खुणेवरून कळावे. सी भाषेतील प्रत्येक फाईलच्या माथ्यावर चार ओळी लिहिण्याची जी पद्धत आहे, तिचे काम हेच. ही फाईल कशासाठी, लिहिली कोणी, कोणत्या अटींवर दुसऱ्याने वापरावी, हे तेथे सांगितलेले असते. मजुराने गाठीवर मारलेली खूण आणि हे मथळे यांची जात एक आहे.

आता सीच्या मांडणीवरून जे वाद झाले ते थोडक्यात सांगतो. आज्ञांच्या गटाचा महिरपी कंस वाक्याच्या शेवटी उघडावा की खालच्या ओळीवर स्वतंत्र मांडावा, यावर विद्वान माणसे पन्नास वर्षे भांडत आली आहेत. कर्निघन-रिची यांच्या पुस्तकात तो बहुतेक ठिकाणी ओळीच्या अखेरीस आहे. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाने तो स्वतंत्र ओळीवर घेतला आणि समास दोन-दोन जागांचा ठेवला. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स सुरू केले. त्याच्या नियमावलीत समास आठ जागांचा आहे, आणि तिच्या आरंभीच असा सल्ला आहे की, ग्नूची नियमावली छापून घ्यावी आणि न वाचता जाळून टाकावी! विनोद आहे, पण त्यातली कडवट चव जाणवते. आठ जागांचे कारणही तेथे दिले आहे: सलग वीस तास पडद्याकडे पाहिल्यावर मोठा समासच डोळ्याला दिसतो. आठ तासांच्या दिवसासाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांनी हे वाचून कपाळाला हात लावावा. मजुरी बौद्धिक झाली म्हणजे तास मोजायचे नाहीत, असे कोणी ठरविले?

त्याच नियमावलीतील दुसरा नियम मात्र मला फार शहाणपणाचा वाटला. समासात समास, त्याच्या आत आणखी समास, असे तीन पायऱ्यांच्या पलीकडे जावे लागले, तर समास कमी करून भागत नाही. मुळातली रचनाच गुंतागुंतीची झाली आहे, ती सुधारावी, असे तो सांगतो. म्हणजे मांडणी ही विचाराची नाडी आहे. तसेच नावांचे. जे नाव सगळीकडे वापरावयाचे ते अर्थ सांगणारे असावे. जे चार ओळींपुरते आहे ते लहान असले तरी चालते. टीप लिहावी ती ‘काय केले’ हे सांगणारी. ‘कसे केले’ हे मजकुरावरूनच कळले पाहिजे, आणि कळत नसेल तर मजकूर पुन्हा लिहावा.

आपल्याकडे असे वाद झालेच नाहीत असे नव्हे. आपल्याच अमरावतीत १९२३ साली स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ, आणि त्याच्यासारख्या इतर संस्था मिळून १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ उभे राहिले. महामंडळाने शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, शासनाने ते १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली आणखी चार जोडले गेले. उच्चारात नसलेले अनुस्वार त्यांनी काढून टाकले. कोणी म्हणाले, भाषेची व्युत्पत्ती बुडाली. कोणी म्हणाले, खेड्यातल्या पोराच्या डोक्यावरचा भार उतरला. दोन्ही बाजूंत तथ्य होते. पण छापखान्यातील जुळाऱ्याला विचारा: त्याला दहा लेखकांच्या दहा तऱ्हांपेक्षा एक साधारण बरी तऱ्हा परवडते.

कोणी म्हणेल, ही सारी मांडणीची हौस आहे. तिने कोणाचे काय बिघडते? याला २०१४ सालचा दाखला देतो. ॲपल कंपनीच्या यंत्रांत समोरचा संगणक खरा की तोतया, हे तपासणारा एक मजकूर सीमध्ये लिहिलेला होता. त्यात ‘अमुक चुकले तर बाहेर जा’ अशा अर्थाची ओळ होती. कशी कोण जाणे, ‘बाहेर जा’ ही आज्ञा तिच्याखाली पुन्हा एकदा उमटली, आणि समास दोन्हींना सारखाच. वाचणाऱ्याच्या डोळ्याला दोन्ही आज्ञा त्या ‘तर’च्या आत दिसत होत्या. पण महिरपी कंस घातलेला नव्हता. तेव्हा यंत्राच्या लेखी पहिलीच आज्ञा ‘तर’च्या आत होती आणि दुसरी बिनशर्त. पुढची तपासणी न होताच सर्व ठीक असल्याचा निकाल दिला जाऊ लागला. लाखो लोकांच्या हातातील फोनचे कुलूप असे उघडे राहिले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ते दुरुस्त झाले.

एका ओळीची आज्ञा असली तरी कंस घालावाच, असा संकेत पुष्कळ प्रकल्पांत आहे. तो तेथे असता तर दुसरी आज्ञा बहुधा कंसाच्या आतच पडती आणि निरुपद्रवी ठरती. पण प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, लिनक्सची नियमावली एका आज्ञेसाठी कंस घालू नका म्हणते, आणि तोही मोठा प्रकल्प चाललाच आहे. म्हणून कोणताही एक नियम वेदवाक्य नव्हे. घातक गोष्ट ही की, डोळ्याला एक दिसत होते आणि यंत्र दुसरे करीत होते. २०१६ साली एका प्रसिद्ध कंपायलरने असा फसवा समास दिसताच इशारा देण्याची सोय केली, ती याच अनुभवाच्या प्रकाशात समजून घ्यावी.

आता माझ्या क्षेत्रातील एक गोष्ट सांगतो. एका जिनिंगमध्ये हजेरीचे पुस्तक जुने मुनीम ठेवीत. टिंब, आडवी रेघ, अर्धे वर्तुळ अशा त्यांच्या खुणा. त्यांना त्या लख्ख कळत, दुसऱ्या कोणाला नाही. मुनीम गेले आणि काही वर्षांनी तेथे कापूस वेचून गिन्नीला घालणारी एक बाई ग्रॅच्युइटी मागू लागली. १९७२ च्या कायद्याप्रमाणे तेव्हा हंगामी कारखान्यात दर हंगामाला सात दिवसांची मजुरी धरीत. हंगामात कारखाना जितके दिवस चालला त्याच्या पाऊण हिस्सा दिवस ती कामावर होती की नाही, हे त्या पुस्तकातून काढावयाचे. अर्धे वर्तुळ म्हणजे अर्धा दिवस की रात्रपाळी? मालक म्हणाला अर्धा दिवस, बाई म्हणाली रात्रपाळी. पुस्तक मुके होते. शेवटी कमी हंगाम धरून तडजोड झाली. मुनीम लबाड नव्हते. पण मागून कोणी वाचणार आहे, हा विचार त्या पुस्तकात नव्हता, आणि त्या विचाराची किंमत एका बाईने आपल्या हंगामांनी दिली.

आजचे पुस्तक यंत्रात आहे, एवढाच फरक. एखाद्या कचेरीत एकाच माणसाला कळेल असा मजकूर लिहिला जातो, तो माणूस निघून जातो, आणि पगाराचा आकडा का चुकतो हे कोणालाच सांगता येत नाही. काही लिहिणारे मुद्दामही तसे लिहितात. आपल्यावाचून अडले पाहिजे, म्हणजे नोकरी टिकेल, असा त्यांचा हिशेब असतो. मला त्यांची भीती समजते. नोकरीची शाश्वती ज्याला नाही तो रुमालाखाली हात घालणारच. पण त्यावर उपाय रुमाल नव्हे. संघटना करा, शाश्वती मागा, आणि मजकूर उघडा लिहा.

नियमाविरुद्ध कामगाराच्या मनात जी अढी असते तिच्याविषयीही बोलले पाहिजे. कारखान्यात नियमांचा फलक मुकादमाच्या हातातील चाबूक झालेला आम्ही पाहिला आहे. कंस कोठे उघडावा यावरून नवशिक्याला सर्वांसमोर टाकून बोलणारे मुकादम संगणकाच्या कचेऱ्यांतही आहेत, असे पोरे सांगतात. यावर त्या जगाने एक चांगली तोड काढली. २००९ साली गो नावाची भाषा आली, तिच्याबरोबर मांडणी आपोआप एकसारखी करणारे साधनच दिले गेले. सीसाठीही अशी साधने आहेत. समासाचा वाद यंत्रावर सोपवावा आणि माणसांनी माणसांशी अर्थाविषयी बोलावे, हे मला पसंत आहे. नावे अर्थपूर्ण आहेत की नाहीत, टीप खरी आहे की जुनी झाली, हे मात्र यंत्र सांगू शकत नाही. तेथे शेजाऱ्याने शेजाऱ्याचे वाचलेच पाहिजे.

तेव्हा आपल्या मुलांना माझे सांगणे एवढेच आहे. अमरावती-अकोल्याच्या तंत्रशाळांतून आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून तुम्ही शेकडोंनी बाहेर पडता. ज्या कचेरीत जाल तेथे नियमावली आहे का, ती कोणी केली, ती बदलावयाची झाली तर तुमचे मत विचारतात का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. आणि तुम्ही स्वतः लिहाल तेव्हा त्या जिनिंगमधील बाईला समोर बसवा. ती सी भाषा वाचणार नाही. पण तिच्या बाजूने उद्या कोणीतरी तुमचा मजकूर उघडील, आणि तिचे हंगाम किती हे त्याला त्यात सापडले पाहिजे.